एका गुणाचे वजन



प्रवेश परीक्षा न्याय्य झाली, असे केव्हा म्हणता येते? पेपर फुटला नाही, तोतया उमेदवार सापडला नाही, केंद्रावर कॅमेरे चालू होते, एवढे जमले की परीक्षा न्याय्य ठरते का? ‘नीट’ आणि ‘सीईटी’विषयी गेल्या काही वर्षांत जेवढी चर्चा झाली, ती बहुतेक पहाऱ्याविषयी झाली. पहारा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या प्रश्नपत्रिकेवर पहारा बसवायचा ती घडली कशी, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे आणि तो फारसा विचारला जात नाही. समजा, दोन विद्यार्थ्यांची विषयाची तयारी सारखीच आहे. एक मराठी माध्यमातून आला, दुसरा इंग्रजीतून. एकाने सकाळच्या सत्रात पेपर दिला, दुसऱ्याने दुपारच्या. एकाने क्लास लावला होता, दुसऱ्याला तो परवडला नाही. या दोघांना सारखे गुण पडतील का? पडत असतील तर परीक्षा न्याय्य. पडत नसतील, तर कितीही कडक बंदोबस्त ठेवला तरी ती न्याय्य नव्हे.

प्रमाणित परीक्षा म्हणजे सर्वांना सारखे प्रश्न, सारखा वेळ, सारख्या सूचना आणि सारखे गुणदान. ओळखपाळखीने आणि शिफारशीने होणाऱ्या प्रवेशांवर हा मोठा उतारा होता आणि आजही आहे. ही गोष्ट विसरून प्रवेश परीक्षांवर टीका करणे योग्य नाही. मात्र सर्वांना एकच प्रश्न दिला म्हणजे तो सर्वांसाठी एकसारखा झाला, असे होत नाही.

याचा धडा अमेरिकेला फार लवकर मिळाला होता. ‘सॅट’ ही महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा पहिल्यांदा २३ जून १९२६ रोजी झाली आणि सुमारे आठ हजार मुले तिला बसली. तिची रचना करणारे कार्ल ब्रिगम प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९२३ साली त्यांनी एक पुस्तक लिहून, सैन्यातल्या बुद्धिचाचण्यांच्या गुणांवरून युरोपातल्या वंशांची उतरंड लावली होती. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच तो निष्कर्ष निराधार म्हणून मागे घेतला. एखाद्या भाषेतली चाचणी, ती भाषा शिकण्याची सारखी संधी ज्यांना मिळाली त्यांच्यापुरतीच वापरता येते, हे त्यांनी मान्य केले. तरीही पुढे कित्येक दशके सॅटमध्ये शब्दांच्या जोड्या विचारल्या जात. धावपटूचा मॅरेथॉनशी जो संबंध, तो वल्हवणाऱ्याचा कशाशी? उत्तर ‘रेगाटा’, म्हणजे होड्यांची शर्यत. तर्क सोपा आहे, पण ज्या मुलाने आयुष्यात ‘रेगाटा’ हा शब्द ऐकलेला नाही त्याचा तर्क इथे मोजलाच गेला नाही. त्याच्या घरची परिस्थिती मोजली गेली. जोड्यांचे हे प्रश्न २००५ मध्ये परीक्षेतून काढून टाकण्यात आले.

यातून पहिला मोठा मुद्दा निघतो. परीक्षा नेमके काय मोजते? अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी गणित येते का हे मोजायचे, की ठरावीक साच्याचे गणित सव्वा मिनिटात सुटते का हे मोजायचे? दोन्ही क्षमता खऱ्या आहेत, पण त्या वेगळ्या आहेत. परीक्षाशास्त्रात या कसोटीला सप्रमाणता म्हणतात. ज्याचे माप घ्यायचे ठरवले त्याचेच माप घेतले जाते का, एवढाच तिचा अर्थ.

महाराष्ट्रात २०२१ साली हा वाद उघडपणे न्यायालयात गेला. कोविडमुळे दहावीची परीक्षा झाली नव्हती, म्हणून अकरावी प्रवेशासाठी राज्याने २१ ऑगस्टला होणारी सीईटी जाहीर केली. ती ऐच्छिक होती, पण प्रवेशात प्राधान्य मिळणार होते ती देणाऱ्यांनाच. प्रश्न राज्य मंडळाच्या दहावीच्या अभ्यासक्रमावर येणार होते. मग सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांनी काय करायचे? त्यांनी शिकलेले विज्ञान विज्ञान नव्हते का? मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती परीक्षा रद्द केली. ‘नीट’बाबत तक्रार नेमकी उलट्या बाजूने आली. तिथे आधार एनसीईआरटीच्या पुस्तकांचा आणि मागे पडली ती राज्य मंडळांची मुले. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दाखवून दिले की, ‘नीट’ आल्यानंतर वैद्यकीय प्रवेशातला तमिळ माध्यमाच्या मुलांचा वाटा एकदम घसरला आणि दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्यांचा वाढला. त्या राज्याने २०२० पासून सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या आहेत. अभ्यासक्रमाची निवड कागदावर तांत्रिक दिसते. प्रत्यक्षात कोणत्या शाळेतले शिक्षण मोजायचे आणि कोणत्या शाळेतले नाही, हे तिथेच ठरून जाते.

क्लासचा प्रश्नही याच मुद्द्यात येतो. लातूर, नांदेड, कोटा या नावांमागे खरी मेहनत आहे. लातूर पॅटर्नने ग्रामीण मराठवाड्यातल्या असंख्य मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण वर्षानुवर्षे एकाच ठशाचे प्रश्न येत राहिले की, प्रश्न वाचण्याआधीच त्याचा प्रकार ओळखायचा सराव विकत घेता येतो. विषय न कळताही ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ सरावाने साधते, त्या प्रश्नात दोष आहे. त्याचा जाब क्लासला विचारण्याआधी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला विचारायला हवा.

दुसरा मुद्दा एकेका प्रश्नाचा, आणि इथे थोडे अधिक थांबायला हवे.

चांगला बहुपर्यायी प्रश्न लिहिणे फार कठीण काम आहे. चारपैकी एकच पर्याय निर्विवादपणे बरोबर हवा. बाकीचे तीन चूक तर हवेतच, पण अर्धवट समज असलेल्याला ते बरोबर वाटावेत असेही हवेत. सर्वांत लांब पर्याय तोच बरोबर, अशी खूण राहता कामा नये. हे सगळे साधले की नाही, ते तज्ज्ञांच्या नुसत्या नजरेला कळत नाही. त्यासाठी प्रश्न मुलांकडून आधी सोडवून घ्यावा लागतो. मग दोन आकडे काढतात. किती मुलांनी तो बरोबर सोडवला, ही त्याची काठिण्यपातळी. एकूण पेपरात वरच्या २७ टक्क्यांत आलेल्यांनी तो किती प्रमाणात बरोबर सोडवला आणि खालच्या २७ टक्क्यांतल्यांनी किती, यातला फरक म्हणजे त्याची भेदनक्षमता. हुशार मुले चुकतात आणि कच्ची मुले बरोबर सोडवतात, असा प्रश्न निघाला तर तो पेपरातून काढायचा. मग त्याचा कर्ता कितीही मोठा प्राध्यापक असो.

ही तपासणी वगळली की काय होते, ते २०२४ च्या ‘नीट’मध्ये साऱ्या देशाने पाहिले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात अणूविषयी दोन विधाने होती. दुसरे विधान असे की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. एनसीईआरटीच्या नव्या पुस्तकानुसार एक पर्याय बरोबर ठरत होता, जुन्या पुस्तकानुसार दुसरा. परीक्षा संस्थेने दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले. ४ जूनच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते आणि त्यांतल्या ४४ जणांचे पूर्ण गुण याच निर्णयामुळे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले. सुधारित निकालात पूर्ण गुणांचे मानकरी फक्त १७ उरले. दुसरा पर्याय निवडणाऱ्या चार लाखांहून अधिक उमेदवारांचे प्रत्येकी पाच गुण गेले: मिळालेले चार काढून घेतले आणि वर एक वजा झाला.

या मुलांचा दोष कोणता? घरात मोठ्या भावंडाचे जुने पुस्तक होते आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला, एवढाच. असा प्रश्न आधी तीन-चारशे मुलांना घातला असता, तरी वरच्या गटातली मुले दोन पर्यायांत विभागलेली दिसली असती. तीच धोक्याची खूण होती. सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांनी पेपरातल्या एका प्रश्नाच्या पर्यायांवर सुनावणी घ्यावी, ही वेळ त्या तपासणीने टळली असती.

यावर उत्तर मिळते ते गोपनीयतेचे. प्रश्न आधी दाखवला तर फुटेल. चिंता खरी आहे, पण तिच्यावर उपायही आहे. सध्याच्या डिजिटल सॅटमध्ये प्रत्येक भागात दोन प्रश्न असे मिसळलेले असतात की ज्यांचे गुण धरलेच जात नाहीत. ते कोणते, हे परीक्षार्थीला कळत नाही. पुढच्या परीक्षांसाठी प्रश्नांची पारख तिथेच होऊन जाते. आपल्याकडे अडचण अशी की, परीक्षेनंतर सगळे प्रश्न आणि प्रत्येकाची उत्तरे जाहीर होतात, हरकती घेता येतात. ही पारदर्शकता मोलाची आहे आणि ती सोडू नये. गुण धरलेले प्रश्न जाहीर करावेत, पारखीचे राखून ठेवावेत. लाखो मुलांनी सोडवलेल्या प्रत्येक प्रश्नाचे काठिण्यपातळी आणि भेदनक्षमता हे दोन आकडे निकालाबरोबर छापावेत. वाईट प्रश्न झाकण्याची सोय उरली नाही, तर पुढच्या वर्षी ते कमी येतील.

प्रश्नाची भाषा हा याचाच पुढचा भाग. २०१७ मध्ये ‘नीट’च्या प्रादेशिक भाषांतल्या पेपरांत इंग्रजीपेक्षा वेगळे प्रश्न होते. तो घोळ मिटवण्यासाठी २०१८ पासून एकाच पेपरचे भाषांतर सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी तमिळ पेपरात ४९ प्रश्नांच्या भाषांतरात चुका असल्याची तक्रार झाली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने प्रत्येकी चारप्रमाणे १९६ गुण द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एवढे गुण सरसकट वाटले तर इंग्रजीतून पेपर देणाऱ्यांवर अन्याय झाला असता, हे खरे. पण चुकीच्या भाषांतराचा भार मग कोणी उचलला? ज्यांनी तमिळवर भरवसा ठेवला त्यांनी. ‘नीट’ आता मराठीसह तेरा भाषांत होते. भाषांतरात संदिग्धता आढळली तर इंग्रजी पाठ अंतिम, असा नियम माहितीपत्रकात असतो. ज्याला इंग्रजी अवघड जाते म्हणून मराठी पेपर दिला, त्याने संशय आल्यावर इंग्रजी वाचून खात्री करून घ्यायची, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

महाराष्ट्रात यात आणखी एक पेच आहे. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेले मूल अकरावीला जाते तेव्हा विज्ञान शाखा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच असते. त्वरण, संवेग, संयुजा हे शब्द त्याने दहावीपर्यंत आत्मसात केलेले असतात आणि पुढची दोन वर्षे ते त्याच्या कानावर पडत नाहीत. मग परीक्षेला मराठी पेपर घ्यायचा की इंग्रजी? दोन्हींत तोटा आहे. म्हणून भाषांतर शब्दाला शब्द लावून होत नाही. ते नीट उतरले का हे तपासायला मराठी आणि इंग्रजी गटांतली, एकूण सारखे गुण असलेली मुले निवडायची आणि एखाद्या प्रश्नावर एकच गट सातत्याने अडखळतो का ते पाहायचे. अडखळत असेल तर दोष त्या प्रश्नाच्या शब्दांत आहे. सॅटसारख्या परीक्षांत मुलगे-मुली, गोरे-कृष्णवर्णीय अशा गटांसाठी ही तपासणी नित्याची झाली आहे. इथे ती माध्यमासाठी आणि ग्रामीण-शहरी भेदासाठी व्हायला हवी.

आता गुणदान आणि वेळ. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. हे निगेटिव्ह मार्किंग अंदाजबाजी रोखते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हिशेब करून पाहावा. काहीच येत नसलेल्या मुलाने वीस प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर सरासरीने पाच बरोबर येतात, म्हणजे वीस गुण. पंधरा चुकतात, म्हणजे पंधरा वजा. हाती पाच उरतात. चार पर्यायांपैकी एक जरी बाद करता आला तर फायदा आणखी वाढतो. म्हणजे नियम घाबरवतो, पण रोखत नाही. हे गणित क्लासमध्ये शिकवले जाते, गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात बहुधा नाही. अमेरिकेतल्या प्रयोगांत असेही दिसले की, चुकीला दंड असला की मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न सोडून देतात, त्यांना विषय तेवढाच येत असला तरी. सॅटने २०१६ मध्ये दंड काढून टाकला. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत तो नाहीच, आणि हे त्या परीक्षेचे चांगले अंग आहे. तिथे २०० पैकी सुमारे ५० गुण निव्वळ अंदाजाने पडू शकतात, पण ते सर्वांना पडू शकतात.

वेळेचे माप त्याहून कठोर आहे. ‘नीट’मध्ये आता १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. वाचन, विचार, आकडेमोड आणि गोल काळा करणे, सगळे एका मिनिटात. उद्याच्या डॉक्टरला भौतिकशास्त्राचा प्रश्न साठ सेकंदांत सुटावा, याची खरोखर गरज आहे का? वेग मोजायचा असेल तर तो का मोजायचा, हे परीक्षा संस्थेने सांगितले पाहिजे. नाहीतर प्रश्न कमी करावेत. अपंग उमेदवारांचा प्रश्नही वेळेशी जोडलेला आहे. लेखनिक आणि तासामागे वीस मिनिटे भरपाई वेळ ही मेहेरबानी नव्हे, मापातली चूक दूर करण्याचा तो मार्ग आहे. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’च्या केंद्रावर हा जादा वेळ नाकारला गेला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अन्याय असल्याचे मान्य केले, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला नियम माहीत नसणे, हाही परीक्षेच्या रचनेतला दोष आहे.

इथवरचे सगळे एका पेपरापुरते झाले: काय मोजायचे, प्रश्न कसा पारखायचा, कोणत्या भाषेत विचारायचा, किती वेळात. पण पेपर एकच नसेल तर?

एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर, अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. एका सत्राचा पेपर सोपा निघतो, दुसऱ्याचा अवघड. त्यामुळे कच्च्या गुणांऐवजी पर्सेंटाइल दिले जाते. त्या सत्रात बसलेल्यांपैकी किती टक्के जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण पडले, हे ते सांगते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे दर वर्षी निकालाच्या दिवशी हजारो घरांत नव्याने समजावून सांगावे लागते. ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: प्रत्येक सत्रात बसलेल्या मुलांची एकूण पातळी सारखी असते. मुले सत्रांत सोडतीसारखी, कोणताही क्रम न लावता वाटली, तर हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते. जिल्ह्यानुसार किंवा अर्ज भरल्याच्या तारखेनुसार वाटली, तर टिकत नाही. हुशार मुलांच्या गर्दीत सापडलेल्याचे पर्सेंटाइल उगाच खाली येते. यावर जगभर वापरला जाणारा उपाय असा की, सर्व सत्रांत काही सामाईक प्रश्न ठेवायचे आणि त्यांवरच्या कामगिरीवरून एका पेपराचे गुण दुसऱ्याच्या मापात आणायचे. त्यासाठी पारखलेल्या प्रश्नांची पेढी लागते आणि तिच्यावाचून हे होत नाही. प्रश्नांची पारख कमी पडली की काय होते, तेही दिसले आहे: २७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि त्या सत्रातल्या २७ हजारांहून अधिक मुलांना ५ मे रोजी पेपर पुन्हा द्यावा लागला. फेरपरीक्षा घेणे योग्यच होते. पण दुसऱ्यांदा अभ्यास आणि दुसऱ्यांदा प्रवास त्यांच्याच वाट्याला आला.

शेवटचा मुद्दा मापाच्या अचूकतेचा. सोनाराचा काटा आणि भुसाराचा काटा दोन्ही खरे असतात, पण भुसाराच्या काट्यावर सोने तोलत नाहीत. परीक्षेचा काटा कोणता? सॅटमध्ये एका विभागात ६०० गुण पडले तर खरी क्षमता साधारण ५७० ते ६३० च्या दरम्यान धरावी, असे परीक्षा घेणारी संस्थाच सांगते. तेच मूल पुढच्या आठवड्यात बसले तर गुण एवढे मागेपुढे होऊ शकतात. आपल्याकडे गुणपत्रकावर असा पट्टा नसतो. उलट पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापले जाते. २०२४ मध्ये ‘नीट’ला २३ लाखांहून अधिक मुले बसली. गुणांची मर्यादा ७२०. म्हणजे एकेका गुणावर सरासरी तीन हजारांहून अधिक मुले, आणि एका प्रश्नाचा फरक चार-पाच गुणांचा. कट-ऑफच्या एका बाजूला सरकारी महाविद्यालय आणि दुसऱ्या बाजूला कुटुंबाला न परवडणारी फी, हा निर्णय अशा काट्यावर तोलला जातो.

यातून वाट कोणती? प्रवेश परीक्षाच नको, असे म्हणणारे कॅलिफोर्निया विद्यापीठ होते. २०२० मध्ये त्याने सॅट वगळण्याचा निर्णय घेतला. परीक्षेला पडलेले गुण पुढच्या शिक्षणाचा चांगला अंदाज देतात, असे त्याच्या स्वतःच्या प्राध्यापक समितीचे मत होते, तरीही घेतला. एमआयटीने २०२२ मध्ये सॅट परत आणली. गणिताची तयारी कळण्यासाठी, आणि साध्या शाळेतल्या हुशार मुलाला ती दाखवायची संधी मिळावी यासाठी, ती लागते, असे कारण देऊन. इथेही परीक्षा काढून टाकली तर बारावीच्या गुणांवर भार पडेल आणि मंडळामंडळांतल्या गुणदानाच्या फरकांचे जुने भांडण परत येईल. जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत २०१३ ते २०१६ या काळात बारावीला ४० टक्के भार होता. २०१७ पासून तो काढला. मंडळांचे गुण एका मापात आणणे अवघड आहे म्हणून ते टाकून देण्यापेक्षा, दोन मापे जोडून एकाची चूक दुसऱ्याने सावरणे अधिक शहाणपणाचे होते.

दुसरी वाट कट-ऑफजवळच्या पट्ट्याची. मापातल्या चुकीच्या मर्यादेत जी मुले एकमेकांपासून वेगळी दाखवता येत नाहीत, त्यांना समान मानायचे आणि त्यांच्यातला क्रम अन्य निकषांवर लावायचा: बारावीचे गुण, सरकारी शाळा, तालुक्याची परिस्थिती. तेही संपले तर सोडत. सोडत हा शब्द ऐकताच अंगावर काटा येतो, पण नेदरलँड्सने १९७२ पासून कित्येक वर्षे वैद्यकीय प्रवेश सोडतीने दिले. शालेय गुण जास्त, त्याला संधी जास्त, अशी ती भारित सोडत होती. महाराष्ट्रात तर शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचे शालेय प्रवेश सोडतीनेच होतात आणि पालक ते स्वीकारतात. पदवीच्या प्रवेशात ती केवळ पट्ट्यातल्या मुलांपुरती वापरायची. वर्षानुवर्षे गुण सारखे पडले की वयाने मोठा असलेल्याला वर ठेवण्याची प्रथा अनेक प्रवेश परीक्षांत चालत आली. जन्मतारखेवरून जागा ठरते तिथेही निवड योगायोगानेच होत असते, फक्त ती तशी जाहीर केलेली नसते.